घरातले आभाळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या प्रसंगी श्रीवर्धन येथे केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. माझे सारे आयुष्य वाडीतल्या एका कौलारू घरात गेले. मी लग्न होऊन श्रीवर्धनला आले तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव अजून कुलाबा होते. १९८१ साली ते रायगड झाले. तेव्हापासून झाडणे, सारवणे, रांधणे आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घेणे, एवढेच माझे ज्ञान. पण आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदाच्या आरास-स्पर्धेला आम्ही आकाश हा विषय ठेवला आहे. वसंतात घर हलके, मोकळे, आभाळासारखे कसे सजवावे, यावर तुम्ही बोला." मी म्हटले, "अहो, आभाळाखाली राहण्याचा मला अनुभव आहे खरा. पण तो सजावटीचा नव्हे." त्या हसल्या. त्यांना वाटले, मी विनोद केला. तो विनोद नव्हता, हे पुढे आपल्या ध्यानात येईलच.

प्रथम मी या तरुण मुलींचे अभिनंदन करते. त्यांनी विषय नवा म्हणून निवडला असेल, पण तो आपल्या घरात फार जुना आहे. चैत्र हे नावच मुळी आभाळातून आले आहे. या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो, म्हणून महिना चैत्र. पौर्णिमेच्या रात्री जेवणे उरकली की खळ्यात उभे राहून पहा. चंद्राच्या आसपास एक पांढरी, ठसठशीत चांदणी दिसेल. तीच चित्रा. आपल्या महिन्याचे नाव जिच्यावरून पडले, तिची ओळख आपल्या मुलींना असावी, असे मला वाटते.

आणि चैत्रांगण? ते तर अंगणात उतरलेले आभाळच. वर तोरण, मध्ये झोपाळ्यावर बसलेली गौर, एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्र. मग शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मे, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, आणि बाईमाणसाच्या हातातल्या वस्तू: फणी, आरसा, हळदकुंकवाचा करंडा. चिन्हे किती असावीत, यावर प्रत्येक घरचे शास्त्र वेगळे आहे आणि त्यावरून भांडणेही पाहिली आहेत. पण सूर्य-चंद्र वगळलेले चैत्रांगण मी कुठे पाहिले नाही. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर रोज सकाळी, आपल्या आज्या-पणज्यांनी शेणाने सारवलेल्या हातभर जमिनीवर चिमटीने सूर्य आणि चंद्र काढले. आकाशाची सजावट आपल्याला परकी नाही.

आता व्यवहाराकडे वळते. घर आभाळासारखे करायचे म्हटले की आपण बाजारात धावतो. निळे फुगे, कापसाचे ढग, चमकीच्या चांदण्या, निळा रंग. हौस असावी, मी तिच्याविरुद्ध नाही. नातवंडांसाठी मीही कापसाचे ढग केले आहेत, आणि दुसऱ्या दिवशी ते मांजराने केले नाहीसे. पण मला विचाराल, तर आभाळासाठी घरात आणायचे थोडे आणि काढायचे फार. आभाळात भरलेले असे काय असते? मोकळी जागा, वारा आणि उजेड. तेव्हा पाडव्याच्या आठ दिवस आधी माजघरातून जे वर्षभरात एकदाही हाताला लागले नाही, ते बाहेर काढा. फुटक्या बरण्या, कधी तरी लागतील म्हणून ठेवलेले डबे, लग्नात आलेल्या आणि वेष्टणातून न निघालेल्या भेटी. अर्धी सजावट तिथेच झाली. खिडकीपाशी काही ठेवू नका. खिडकी हे फडताळ नव्हे.

दुसरी गोष्ट भिंतींची. ज्यांच्या भिंती अजून चुन्याच्या आहेत, त्यांनी तैलरंगाच्या मोहात पडू नये. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्या भाजून चुना करीत. आता चुनकळी दुकानातून आणावी लागते. ती विरवताना चुनकळी हळूहळू पाण्यात सोडावी, चुन्यावर पाणी ओतू नये. तो खदखदतो आणि उडतो. मुलांना दूर ठेवा, डोळ्यांना जपा आणि हात उघडे घालू नका. निदान रात्रभर मुरू द्यावा, फडक्याने गाळावा, त्यात डिंकाचे पाणी घालावे. भिंत आधी पाण्याने भिजवावी आणि सोडण ठेचून केलेल्या कुंचल्याने दोन-तीन हात पातळच द्यावेत. नवख्या मुलीचा इथे धीर सुटतो, कारण ओला चुना भिंतीवर दिसतच नाही. ती जाड हात देते आणि पुढे पोपडे धरतात. थांबावे. चुना हवेतला कर्बवायू घेऊन सावकाश पुन्हा दगड होत असतो. वाळेल तसा तो उमटतो. चैत्रात दिलेला हात मृगाच्या आत पक्का होतो, म्हणून ही वेळ नेमकी.

चुन्यात नीळ घालतात ती निळ्या रंगासाठी नव्हे. नुसता चुना वाळल्यावर किंचित पिवळट दिसतो. चिमूटभर निळीने तो पिवळेपणा मरतो आणि भिंत पांढरी स्वच्छ दिसते. थोडी जास्त घातलीत तर भिंतीला पहाटेच्या आभाळाची छटा येते. पुडीतली कोरडी नीळ घ्या. बाटलीतली पातळ नीळ कपड्यांसाठी ठीक, चुन्यात ती माझ्याकडे तरी टिकली नाही. आणि आधी कोपऱ्यात हातभर जागा रंगवून, वाळवून पहा. ओली छटा आणि वाळलेली छटा यांत फार अंतर असते.

तिसरे, कापड आणि फुले. पडदे पातळ आणि पांढरे करावेत. जुन्या धोतरांचे उत्तम होतात, वारा त्यांतून खेळतो. निळा रंग हवाच असेल, तर एखादी निळ्या काठाची साडी गौरीमागे सोडावी, पुरे. निळ्या फुलांचा हट्ट चैत्रात धरू नये. हा महिना पांढऱ्याचा आणि पिवळ्याचा. मोगरा, अनंत, पांढरा चाफा, सुरंगीचे वळेसर, जरा पुढे बहाव्याचे घोस. पांढरी फुले तांब्याच्या पसरट भांड्यात पाण्यावर सोडा आणि भांडे दारापाशी ठेवा. आभाळ त्या पाण्यात आपणहून येऊन बसते, त्याला बोलवावे लागत नाही.

इथवर मी जे सांगितले ते कुठल्याही सुगृहिणीने सांगितले असते. आता जे सांगते, ते मला माझ्या घराने शिकवले.

आपली जुनी घरे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. रस्त्याला ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागीलदारी विहीर, आणि त्यामागे थेट समुद्राच्या वाळूपर्यंत पोहोचणारी नारळी-पोफळीची वाडी. आळीत घराला घर लागून. उजेड शिरणार कुठून? माजघर म्हणजे भरदुपारी संध्याकाळ. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी लाल कौले आपल्या किनाऱ्यावरही आली. त्याच साच्याचे एखादे काचेचे कौल लाल कौलांमध्ये बसवायचे, ही युक्ती ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. आमच्या माजघरावर तसे एकच काचेचे कौल होते. सबंध घरात वीतभर आभाळ काय ते तेवढे.

त्या कौलातून पडणारा कवडसा हे माझ्या सासूबाईंचे घड्याळ होते आणि पंचांगही. पौषात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा दुपारचा कवडसा उत्तरेच्या भिंतीपर्यंत जाई. दिवस मोठे होऊ लागले की तो रोज थोडा थोडा अलीकडे सरके. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या गावावर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, तेव्हा तो कौलाच्या बरोबर खाली पडे. आणि चैत्रात, साडेबाराच्या पुढेमागे, कौलाखालच्या जागेपासून हातभर उत्तरेला. नेमकी तिथे आमच्याकडे गौर बसे. मी नवी असताना मला वाटे, ही जागा शास्त्राने ठरवली असेल. सासूबाई म्हणाल्या, "शास्त्र कसलं गो! तिथे ऊन येतं, गौरीचं तोंड उजळतं, म्हणून तिथे."

म्हणजे पहा, दिवा नाही, झुंबर नाही. आरशीएवढा उजेड, तोही दुपारी घटकाभर. पण हळदीकुंकवाला आलेली बाई उन्हातून त्या अंधाऱ्या माजघरात शिरे, क्षणभर तिला काही दिसत नसे, आणि मग आधी दिसे ती गौर. तिच्यापुढे आंबेडाळ, पन्ह्याचे पेले, भिजवलेले हरभरे, कातरलेले कलिंगड. "अगोबाई" म्हटल्यावाचून कोणी राहत नसे.

३ जून २०२० ची दुपार मी कोणाला सांगायला नको. आपण सगळ्या तेव्हा इथेच होतो. निसर्ग असे नाव होते त्या वादळाचे. साथीमुळे आधीच दारे बंद होती. सकाळपासून वारा वाढत गेला आणि दुपारी आमच्या डोक्यावरची कौले एकेक करून नव्हे, पत्त्यांसारखी उडू लागली. आम्ही सासूबाईंना देवघराच्या कोपऱ्यात पाटावर बसवून वर गादी धरली होती. वाडीकडून एकामागून एक पोफळी मोडल्याचे आवाज येत होते. सासूबाई ते मोजत होत्या. काही वेळाने त्यांनी मोजणे सोडले. वारा थांबला तेव्हा मी वर पाहिले. रिपा होत्या, वासे होते, आणि त्यांवर आभाळ. सबंध माजघरावर. तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. इतकी वर्षे वीतभर पुरत होते, ते आभाळ त्या दिवशी सगळेच्या सगळे घरात आले होते.

पाऊस तोंडावर होता. कौले मिळेनात. ज्यांना जमले त्यांनी पत्रे घातले. आमच्यासारख्यांनी ताडपत्री ओढली. तुम्हांला आठवत असेल, आळीच्या टोकाला उभे राहिले की घरामागून घर निळेच दिसे. निळी, जाड, प्लास्टिकची ताडपत्री. कित्येक दिवस वीज नव्हती. दिवसा जो उजेड येई तो त्या ताडपत्रीतून गाळून. भिंती निळ्या, भात निळसर, माणसांची तोंडे निळी. एके सकाळी सासूबाई आरशापुढे बसल्या होत्या. बोट लावले, पुन्हा पुसले, पुन्हा लावले. मला हाक मारली आणि करंडा पुढे करून म्हणाल्या, "अगो, कुंकू बिघडलंय का? काळं दिसतंय." मी करंडा ओटीवर, उघड्यावर नेऊन पाहिला. कुंकू लालच होते. निळ्या उजेडात तांबडे काळे दिसते, एवढेच. हळद हिरवट दिसते. मी त्यांना ते समजावून सांगितले, आणि त्यांना समजलेही. पण त्या दिवसापासून कुंकू लावायला त्या ओटीवर येऊन बसत. माझे सासरे तेव्हा अंथरुणावर होते, हे सांगितले म्हणजे त्यांच्या मनात काय आले असेल, ते आपणांस कळेल.

त्या दिवसांत आपल्या मंडळाच्या भगिनींनी जे केले, ते अहवालात एका ओळीत आले आहे, म्हणून मी इथे सांगते. ढिगाऱ्यातून शाबूत कौले वेचून, धुऊन, रचून ठेवायची, आणि ज्याच्या घरी तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असेल त्याच्याकडे आधी द्यायची. ज्यांच्याकडे वीस कौले वाचली त्यांनी दहा दिली. आमच्या माजघराचे छप्पर दसऱ्याच्या सुमारास पुरे झाले, तेव्हा त्यावर चार-पाच घरांची कौले होती. रंग एकसारखा नाही. आजही खालून बघितले तर ओळखू येते, हे अमक्यांचे, ते तमक्यांचे. काचेचे कौल मात्र फुटले होते आणि तसे मिळाले नाही. त्या जागी लाल कौलच बसवले. माजघर पुन्हा काळोखाचे झाले.

पण काळोख तरी पुरता कुठे होता! मागीलदार उघडले की डोळे दिपत. वाडीतली बहुतेक पोफळ आडवी झालेली. जिथे भरदुपारी पाय भाजत नसत, तिथे लख्ख ऊन. स्वयंपाकघरात इतका उजेड मी जन्मात पाहिला नव्हता. मुंबईच्या एक पाहुण्या बाई आल्या आणि सहज म्हणून गेल्या, "किती छान उजेड आहे हो तुमच्याकडे!" त्यांचा काही दोष नव्हता. घरात उजेड असावा असे सगळ्याच म्हणतात. मीही मघाशी तेच म्हटले. पण त्या उजेडाची किंमत आम्हांला माहीत होती. सासूबाईंनी मागीलदाराला जुन्या लुगड्याचा पडदा लावला आणि तो त्या दिवसा काढू देईनात.

असे ते वर्ष गेले. सासरे माघात गेले. पुढे २०२१ चा चैत्र आला. पाडव्याआधी मी चुना विरवला आणि नेहमीप्रमाणे निळीची पुडी काढली. सासूबाई म्हणाल्या, "निळं नको हो भिंतीला." मी म्हटले, "चिमूटभरच, पांढरं दिसावं म्हणून." त्या म्हणाल्या, "पिवळं दिसलं तरी चालेल. गौरही नको यंदा. आभाळ बघितलं तेवढं पुरे झालं." मी पुडी ठेवून दिली. भिंत पिवळटच वाळली. सुतकाचे वर्ष, त्यात पुन्हा साथ वाढलेली. चैत्र शुद्ध तृतीया १५ एप्रिलला होती आणि आदल्याच रात्री राज्यात नवे निर्बंध लागू झाले होते. येणार तरी कोण होते हळदीकुंकवाला!

तरी गौर बसवायची, असे मी मनाशी ठरवले होते. माझ्या मुलाने कुठून कुठून चौकशी करून एक काचेचे कौल मिळवले होते आणि ते गोणपाटात गुंडाळून आणून ठेवले होते. तृतीयेच्या आदल्या दिवशी, सासूबाई दुपारच्या निजल्या असताना, शेजारच्या एका दादांनी वर चढून ते जुन्या जागी बसवले. आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमीन सारवली, पाट मांडला, त्यावर झोपाळा, झोपाळ्यात गौर. आरास म्हणावी अशी नव्हतीच. पांढरे धोतर अंथरले, मोगरीची ओंजळ, दोन कैऱ्या, आंबेडाळीची वाटी. सासूबाई भिंतीकडे तोंड करून जपमाळ ओढीत बसल्या होत्या.

साडेबारा वाजून गेले असतील. कवडसा आधी पाटाच्या कडेला आला, मग वर चढला आणि झोपाळ्यावर थांबला. सासूबाईंनी मान वळवली. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग हात टेकीत पुढे सरकल्या, हाताने जमीन चाचपली आणि म्हणाल्या, "रांगोळी दे." दृष्टी मंदावलेली, हात कापणारा. त्यांनी शिरगोळ्याच्या रांगोळीने आधी सूर्य काढला, मग चंद्र. बाकीची चिन्हे मी काढली. त्या सांगत होत्या आणि माझे चुकले की रागावत होत्या. सगळे झाल्यावर म्हणाल्या, "ती निळीची पुडी आहे ना, ती आण." मी आणली. त्यांनी चिमूटभर नीळ रांगोळीत मिसळली आणि तोरणाच्या वर एक लांब रेघ ओढली. "एवढं आभाळ पुरे," म्हणाल्या. मग करंड्यातले कुंकू बोटावर घेऊन त्यांनी ते कवडशात धरून पाहिले, आणि गौरीला लावले.

भगिनींनो, मला या विषयावर जे कळले ते एवढेच. आभाळ घरात हवे, पण मापाने हवे. आपल्या पूर्वजांनी खोल पागोळ्या ठेवल्या, काचेचे एकच कौल बसवले, वाडी घराला भिडवली, ती उजेडाचे वावडे होते म्हणून नव्हे. आपल्या किनाऱ्यावरचे आभाळ किती मोठे आणि किती जोराचे असते, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक होते. सजावट म्हणजे तरी काय? जे आपल्याहून फार मोठे आहे, त्याचा आपल्याला पेलेल एवढा तुकडा घरात मांडणे. त्या तृतीयेला सासूबाईंनी ओढलेली ती रेघ मला सगळ्या आरासांहून मोठी वाटते.

वाडीचेही तसेच झाले. त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर आम्ही पोफळीची रोपे लावायला घेतली. तुम्हां वाडीवाल्यांना ठाऊकच आहे, पण नव्या मुलींसाठी सांगते. पोफळीच्या तान्ह्या रोपाला उघडे ऊन सोसत नाही, ते करपते. म्हणून आधी केळी लावायच्या. केळी वाढली की तिच्या सावलीत पोफळ. पुढे पोफळ उंच होते आणि केळीचे काम संपते. श्रीवर्धनची रोठा सुपारी सगळीकडे नावाजलेली, पण ती सुद्धा लहानपणी केळीच्या पदराखाली वाढलेली असते. धरायला पोफळीला सहा-सात वर्षे सहज लागतात. सासूबाईंनी केळीची सावली पाहिली. पोफळीची पुन्हा पाहायला त्या राहिल्या नाहीत. त्या गेल्यावर मी मागीलदाराचा पडदा धुऊन ठेवून दिला. आता त्याची फारशी गरज उरलेली नाही. दुपारी स्वयंपाकघरात पूर्वीसारखा हिरवा काळोख थोडा थोडा परत येऊ लागला आहे, आणि उजेड कमी झाला म्हणून आनंद मानणारी मी एकटीच नसेन, अशी मला खात्री आहे.

आता स्पर्धेत भाग घेणाऱ्या मुलींना दोन शब्द. फुगे आणि ढग लावायचे असतील तर अवश्य लावा. पण आधी एक करा. भरदुपारी आपल्या घराच्या मधोमध उभ्या राहा आणि उजेड कुठून येतो व कुठे पडतो, ते पहा. सदनिकेत राहणाऱ्यांच्याही घरात एखादा कवडसा असतोच. खिडकीतून, व्हरांड्यातून, दाराच्या फटीतून. तो चैत्रात कुठे असतो, ती जागा शोधा आणि आरास तिथे मांडा. खर्च काही नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारल्यावाचून रंग निवडू नका. एखादा रंग तिला का नको, हे ती सांगेलच असे नाही. पण तिला विचारायला हवे.

परीक्षकांना माझी विनंती आहे की, गुण देताना घरात किती आणले यापेक्षा घरात काय सोडले आणि काय दिसू लागले, तेही पाहावे.

आमच्या माजघराच्या भिंतीत या वर्षी मी पुन्हा नीळ घातली. चिमूटभरच. वाळल्यावर निळी दिसत नाही. स्वच्छ पांढरी दिसते. आपण सगळ्या हळदीकुंकवाला या. साडेबाराच्या सुमारास आलात तर गौरीचे तोंड उजळलेले पाहायला मिळेल.

आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि आपल्या प्रत्येकीच्या घरात पेलेल एवढे आभाळ सदैव असो, अशी गौरीपाशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.